ध्रुवाकडचे गोडे पाणी आणि घाटावरचा पाऊस: पार्श्वभूमी

खानापूर-बेळगाव पट्ट्यात धूळवाफ पेरणी उरकली की मृगाची वाट बघत गप्पा रंगतात त्या एल निनोच्या. ग्रीनलँडचे नाव क्वचितच निघते. निघालेच तर समुद्राची पातळी वाढणार, मुंबई बुडणार, इथपर्यंतच. तिथल्या वितळत्या बर्फाचे गोडे पाणी अटलांटिक समुद्राचे अभिसरण, म्हणजे गरम पाणी उत्तरेला नेणारे आणि गार पाणी खोलवरून परत आणणारे प्रवाहचक्र, मंद करते, हा भाग मागेच राहतो.

जुना इतिहास थोडक्यात. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हिमयुगातून बाहेर पडणारा उत्तर गोलार्ध पुन्हा गारठला आणि हजारावर वर्षे तसाच राहिला. उत्तर अमेरिकेतल्या वितळत्या बर्फाचे पाणी त्याला कारण, असे बरेच अभ्यासक मानतात. पाणी कोणत्या वाटेने समुद्रात गेले यावर अजून वाद आहे. ८,२०० वर्षांपूर्वीचा धक्का लहान होता, पण आपल्या कामाचा. बर्फाने अडवलेले प्रचंड सरोवर हडसन उपसागरातून रिकामे झाले, आणि त्याच सुमारास पाऊस कमी झाल्याच्या खुणा ओमानच्या गुहांमधल्या चुनखडीच्या थरांत सापडतात. तिथे पाऊस नेणारे आणि आपल्या घाटावर आदळणारे वारे एकाच अरबी समुद्रावरचे. गोडे पाणी हलके, म्हणून ते मिसळल्याने उत्तर अटलांटिकमध्ये खारे, गार पाणी बुडायचे मंदावले की उत्तरेला पोचणारी उष्णता घटते आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो.

हे अभिसरण दोन वेगवेगळ्या स्थितींत स्थिर राहू शकते, हे १९६१ साली कागदावरच्या साध्या गणिताने दाखवले गेले. प्रत्यक्ष सलग मोजमाप मात्र २००४ पासूनचे, बहामाजवळून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत. सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर. त्याआधी जहाजांवरून अधूनमधून घेतलेल्या पाच नोंदींवरून प्रवाह ३० टक्के घटल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले आणि खळबळ उडाली. पुढे कळले की एकाच वर्षात प्रवाह ४० लाखांपासून साडेतीन कोटींपर्यंत हेलकावतो. पाच नोंदींवर निकाल देणे घाईचेच होते.

खरा वाद अहवालांतल्या शब्दांचा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०१३ च्या अहवालाने या शतकात अभिसरण कोसळणे 'अत्यंत असंभाव्य' ठरवले, तेही 'उच्च विश्वासाने'. २०२१ मध्ये भाषा बदलली: २१०० पूर्वी ते अचानक कोसळणार नाही, पण हे म्हणणे फक्त 'मध्यम विश्वासाने'. काहींना हा बदल किरकोळ वाटतो. तो तसा नाही, कारण ज्या संगणकी मॉडेलांवर ही खात्री उभी होती, त्यांतल्या बहुतेकांत ग्रीनलँडच्या बर्फाचे वितळणे धरलेलेच नव्हते. ज्या पाण्याचा प्रश्न, तेच हिशेबाबाहेर! ग्रीनलँडचा बर्फ वर्षाला सुमारे २७० अब्ज टन घटतो, म्हणजे दर दोन दिवसांनी बेळगाव जिल्ह्यातले हिडकल धरण काठोकाठ भरावे एवढे पाणी समुद्रात रिते होते. दुसरी बाजूही सांगायला हवी. अभिसरण कोसळते का हे पाहायला प्रयोगासाठी मॉडेलांत जे गोडे पाणी ओततात, ते बहुधा याच्या दहापट किंवा अधिक असते. २०२३ मध्ये एका अभ्यासाने २०२५ ते २०९५ दरम्यान अभिसरण कोसळेल असे सांगितले. त्याचा आधार समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या जुन्या नोंदींचा, आणि त्यावर टीकाही जोरदार झाली. अंटार्क्टिकाकडचे खोल पाणी मंदावण्याचे अंदाज उत्तर अटलांटिकविषयीच्या अंदाजांच्या मानाने अलीकडचे आहेत. तिकडे लक्ष उशिरा गेले.

यात सीमाभागाचा संबंध पावसापुरता, पण तो थेट आहे. मलप्रभा उगवते कणकुंबीच्या धो-धो पावसात आणि तिच्यावर जगतो तो सौंदत्ती-रामदुर्गचा कोरडा पट्टा. घाटमाथ्यावरचा पाऊस थोडा घटला तर खानापूरचे भात कदाचित निभावेल, मलप्रभेवरचा नविलुतीर्थचा जलाशय निभावेलच असे नाही. सध्याचे बहुतेक अंदाज तापमानवाढीमुळे भारताचा मोसमी पाऊस वाढेल असे सांगतात. तेही काढलेले आहेत मुख्यतः त्याच, ग्रीनलँडचे पाणी न धरणाऱ्या मॉडेलांवरून.