प्रोपेलरला खड्डे पडतात ते गंजाने नाही, हे कळायला किती वर्षं लागली

कॅव्हिटेशन, म्हणजे प्रोपेलरच्या पात्यांवर पाण्यात वाफेचे बुडबुडे होणं, आधी पकडलं गेलं ते स्पीड कमी पडला म्हणून, धातूची झीज नंतर लक्षात आली. 1894 ला ब्रिटिश नेव्हीच्या डेअरिंग या डिस्ट्रॉयरच्या ट्रायलला इंजिन पुरेपूर ताकद देतंय पण जहाज काही हवं तेवढं पळेना, मग इंजिनिअर बार्नबी आणि जहाज बांधणाऱ्या थॉर्निक्रॉफ्टने पात्यांचं क्षेत्रफळ साधारण 45 टक्के वाढवलं आणि स्पीड मिळाला. पात्यावर प्रेशर फार खाली गेलं की पाणी थंड असतानाच उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात, पातं रुंद केलं की तोच जोर जास्त जागेवर वाटला जातो.

स्टीम टर्बाइनवाल्या चार्ल्स पार्सन्सच्या टर्बिनिया या प्रायोगिक जहाजाचं तसंच, एका प्रोपेलरवर 20 नॉट्ससुद्धा गाठेना. त्या माणसाने 1895 ला तांब्याचा छोटासा बंद टनेल, म्हणजे पाणी फिरवायची नळी, बनवला, आत 2 इंचाचा प्रोपेलर, वरची हवा पंपाने काढून प्रेशर उतरवलं आणि चमकत्या उजेडात बुडबुडे चक्क डोळ्यांनी बघितले! मला तर या सगळ्या इतिहासातलं हेच सगळ्यात भारी काम वाटतं. पुढे तीन शाफ्टवर नऊ प्रोपेलर बसवून 1897 ला इंग्लंडमध्ये स्पिटहेडच्या नौदल संचलनात टर्बिनिया 34 नॉट्सच्या आसपास पळाली.

खड्ड्यांचा खरा त्रास 1907 नंतर, लुसिटानिया आणि मॉरिटानियासारख्या मोठ्या वेगवान जहाजांवर. बरेच जण खाऱ्या पाण्याला आणि धातूला दोष देत होते. पहिल्या महायुद्धात नेव्हीने चौकशी लावली, 1917 ला भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने गणित मांडलं की पोकळ बुडबुडा मिटताना शेवटच्या क्षणी प्रचंड प्रेशर तयार होतं, आणि 1919 ला पार्सन्स आणि कुक यांनी प्रयोगांवरून हेच सांगितलं की धातू खातो तो बुडबुडा फुटण्याचा मार. बुडबुडा पृष्ठभागाजवळ मिटताना पाण्याची बारीक धार धातूवर आदळते हे मात्र अजून बऱ्याच वर्षांनी, 1960 च्या दशकात फोटोंमध्ये नीट दिसलं.

तिथून उपाय दोन अंगांनी गेले. धातू बदलला, मँगनीज ब्राँझच्या जागी निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ आलं, ते मार जास्त सोसतं. पण माझ्या मते मोठा फरक पडला आकाराने, कारण पाती मागे वळवली, म्हणजे स्क्यू दिला, की जहाजामागच्या मंद पाण्यात अख्खं पातं एकदम शिरत नाही आणि बुडबुडे हळूहळू वाढतात नि मिटतात. ड्राय डॉकमध्ये आजही खड्डे वेल्डिंगने भरून ग्राइंड करतात, पण पुढची कड मूळ प्रोफाइलला आणली नाही तर बुडबुडे तिथूनच परत सुरू होतात आणि पुढच्या डॉकिंगला तेच काम पुन्हा निघतं.