कालचा महाग ब्लँक, आजचा परवडणारा

गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटच्या जंगलात मानवेल नावाचा बांबू मिळतो. जाड भिंतीचा, कधी कधी जवळजवळ भरीव. लाठ्या याच्याच होतात. या जातीचा बांबू एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बंदरातून जहाजाने अमेरिकेत जात असे. तिथले गळाच्या काठ्या बांधणारे कारागीर त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. त्याच्या सालीवर बहुधा भाजल्याचे काळे डाग असत, आणि ते टाळून चांगल्या चिपा निवडणे हे त्यांचे पहिले काम असे. फ्लाय फिशिंगच्या आधुनिक काठीची गोष्ट या बांबूपासून सुरू होते. आज घरी बसून स्वतःची काठी बांधू पाहणारा माणूस परवडणारा ब्लँक शोधतो, तेव्हा तो या गोष्टीच्या ताज्या टोकाशी उभा असतो.

ब्लँक म्हणजे काठीची नुसती निमुळती नळी. तिला मूठ नसते, रीळ बसवायची जागा नसते, दोर ओवायच्या कड्याही नसतात. बुचाची मूठ चिकटवायची, कड्या धाग्याने घट्ट गुंडाळून बसवायच्या आणि त्या धाग्यावर इपॉक्सीचा थर चढवायचा, हे सगळे बांधणारा करतो. साध्या गळाला शिसे बांधलेले असते आणि ते शिसे दोर ओढत नेते. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर चार पिसे बांधून केलेली नकली माशी असते, तिला बहुधा वजनच नसते. वजन असते ते दोराला, आणि तो दोर हवेत भिरकावते काठी, वाकून आणि परत सरळ होऊन. म्हणून काठी कुठे किती वाकते यावर सगळे ठरते. मूठ आवडली नाही तर कापून नवी बसवता येते, कड्या सोडवून पुन्हा बांधता येतात. ब्लँकचे वाकणे मात्र कारखान्यातच ठरून आलेले असते.

स्वस्त ब्लँक म्हणजे दुय्यम माल, असे पुष्कळांना वाटते. गेल्या पाऊणशे वर्षांत काय घडले ते पाहिले की ही समजूत टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

बांबूच्या आधी काठ्या भरीव लाकडाच्या असत. अ‍ॅश, हिकरी आणि पुढे गयानाहून येणारे ग्रीनहार्ट ही त्यांची लाकडे. दणकट पण जड. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप नावाचा बंदुका आणि व्हायोलिन बनवणारा कारागीर होता. त्याने १८४० च्या दशकात बांबूच्या चिपा तासून एकमेकींना चिकटवून काठ्या करायला सुरुवात केली. बांबूची ताकद सालीलगतच्या तंतूंत असते, म्हणून आतला भुसभुशीत भाग काढून टाकायचा आणि सहा त्रिकोणी चिपांची षट्कोनी कांब करायची. मेन राज्यातल्या बँगरचा हायरम लेनर्ड याने चिपा अचूक कोनात कापणारे यंत्र तयार केले आणि १८७० च्या दशकात अशा काठ्यांचा व्यवसाय उभा राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याचा बांबू मागे पडला आणि चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला, पेरे लांब असलेला सरळ बांबू पुढे आला. व्यापारात त्याला टोंकिन म्हणतात, जरी तो व्हिएतनामच्या टोंकिनचा नाही. १९३१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्लूर यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यातल्या ‘अमाबिलिस’ शब्दाचा अर्थ ‘प्रेम करावे असा’. काठ्या बांधणाऱ्यांनी या नावाला कधीच हरकत घेतली नसती.

बांबूच्या काळातही स्वस्त काठ्या होत्या. मॉन्टेग्यू किंवा युटिकाची हॉरॉक्स-इबॉट्सन अशा कारखान्यांतून त्या गठ्ठ्यांनी निघत. पण हाताने रंधून केलेल्या काठीत चिपांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत सांभाळली जाई, आणि तिथे किंमत होती ती माणसाच्या तासांची. चांगला आकार आणि कमी किंमत या दोन गोष्टी बांबूत क्वचितच एकत्र आल्या. हौशी माणसाने स्वतः काठी करायची तर रंधा, पोलादी साचे आणि महिनोन्‌महिने लागत. आज आपण ज्याला ब्लँक म्हणतो ती सहज विकत मिळणारी वस्तू तेव्हा जवळपास नव्हतीच.

ती आली काचतंतूबरोबर. ओहायोतल्या टोलेडोला प्लास्कॉन कंपनीत आर्थर हॉवाल्ड हे राळेवर काम करणारे संशोधक होते. दुसरे महायुद्ध चालू असताना त्यांच्या बांबूच्या काठीचे टोक मोडले. नवे टोक मिळेना, तेव्हा त्यांनी काचतंतू आणि राळ वापरून ते घरी तयार केले. मिशिगनमधल्या कॅलमझूच्या शेक्सपिअर कंपनीने ही पद्धत उचलली आणि ‘वंडररॉड’ बाजारात आणला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात नार्मको कंपनीने ‘कोनोलॉन’ नावाने वेगळी वाट धरली. राळ मुरवलेले काचेचे कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळायचे, वरून पट्टीने आवळायचे, भट्टीत भाजायचे आणि सळई उपसून घ्यायची. उरते ती पोकळ नळी.

या पद्धतीपाशी मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण परवडणाऱ्या ब्लँकचे मूळ इथेच आहे. बांबूत काठीचा आकार कारागिराच्या हातात होता आणि प्रत्येक काठीला तो पुन्हा घडवावा लागे. नळीच्या पद्धतीत आकार दोन ठिकाणी साठवला जातो: सळईच्या उतारात आणि कापड कोणत्या आकारात कापले त्या नमुन्यात. एकदा कुशल माणसाने हे दोन्ही ठरवले की तोच आकार हजार वेळा काढता येतो, आणि हजाराव्या नळीला पहिलीइतके कष्ट पडत नाहीत. हुशारी एकदाच विकत घ्यायची, मग ती वाटत राहायची. आजही ब्लँक असेच बनतात. फक्त कापड बदलले आहे.

मग १९५० साल उजाडले. कोरियाचे युद्ध पेटले, अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिन बांबू यायचा थांबला. ही बंदी उठायला १९७० चे दशक उजाडावे लागले. एवढ्या वीस वर्षांत काचतंतूने बाजार व्यापला. टोलेडोच्या नेटक्राफ्टच्या आणि मिनेसोटातल्या वसीकाच्या हर्टर्सच्या टपालाने येणाऱ्या सूचिपत्रांत सुटे ब्लँक, कड्या, बूच, धागा असे सगळे मिळू लागले. शेतकरी, शिक्षक, कारखान्यातले कामगार हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर काठ्या बांधू लागले. दुकानातल्या काठीपेक्षा पैसे वाचत आणि काठी मनाजोगती होई. काठी तुकड्यांत असते, त्या तुकड्यांच्या जोडाचा प्रश्नही याच काळात सुटला. बांबूला धातूचे जड जोड लागत आणि तिथे काठी वाकत नसे. १९६० च्या दशकात काठ्या बनवणाऱ्या फेनविक कंपनीच्या जिम ग्रीन यांनी नळीवर नळी बसणारा काचतंतूचाच जोड आणला. हौशी बांधणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की धातूचा जोड नेमका बसवण्याचे सर्वांत नाजूक काम त्याच्या डोक्यावरून उतरले.

पुढचे कापड विमानांमुळे आले. ज्या अ‍ॅक्रिलिक धाग्याचे स्वेटर विणतात त्याच कुळातला धागा नियंत्रित उष्णतेत भाजून कार्बनचा तंतू करता येतो, हे ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या अकिओ शिंडो यांनी १९६० च्या आसपास दाखवले. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये वॉट, फिलिप्स आणि जॉन्सन यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यातून अतिशय ताठ तंतू काढला. जपानच्या तोरे कंपनीने १९७१ मध्ये टी ३०० या तंतूचे उत्पादन सुरू केले. विमान कंपन्या नव्या मालाला लवकर हात लावत नाहीत, वर्षानुवर्षे चाचण्या घेतात. म्हणून सुरुवातीचे गिऱ्हाईक होते खेळ. जपानमध्ये आयू मासा पकडायला आठ-नऊ मीटर लांबीच्या काठ्या दिवसभर हातात धरतात, तिथे प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. १९७२ मध्ये ऑलिंपिक कंपनीने कार्बनची आयू काठी काढली. अमेरिकेत १९७३ मध्ये फेनविकने एचएमजी ही ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बन तंतूचीच, फ्लाय रॉड आणली, पुढच्या वर्षी ऑर्व्हिस कंपनीची आली. काचतंतूच्या तुलनेत वजन निम्म्याच्या जवळ आणि किंमत कितीतरी पट.

टी ३०० चा ताठपणा सुमारे २३० गिगापास्कल, काचतंतूचा सत्तरच्या घरात. काठीच्या जाहिरातीत हेच आकडे दर चौरस इंचाला किती पौंड या मापात येतात: ३३ दशलक्ष, ४० दशलक्ष, त्याहून पुढे. ४० च्या आसपासचा एक तंतू हर्क्युलिस कंपनी ‘आयएम ६’ नावाने विकत असे. १९८० च्या दशकात आयएम ६ म्हणजे काठीतला सर्वोत्तम माल. ते नाव इतके गाजले की पुढे कुणाच्याही तंतूच्या ब्लँकवर आयएम ६ छापले जाऊ लागले, मग आयएम ७, आयएम ८ ही. आज स्वस्त ब्लँकवर ही अक्षरे दिसली तर त्यावरून तंतू कोणाचा हे कळत नाही. मला याचे वाईट वाटते, कारण नवशिक्या खरेदीदार नेमका याच अक्षरांवर विसंबतो.

या काळात अमेरिकेत या धंद्याचा एक मोठा भाग वॉशिंग्टन राज्यात जमला. वुडलंडला लॅमिग्लास, तिथेच लॅमिग्लासमधून बाहेर पडलेल्या गॅरी लूमिस यांनी १९८२ मध्ये काढलेली जी. लूमिस, बेनब्रिज बेटावर १९८० पासून सेज.  पण नळ्या गुंडाळण्याचे काम हळूहळू पूर्वेकडे सरकले: जपान, मग कोरिया आणि तैवान, मग चीन. शानडाँग प्रांतातले वेइहाय हे आज मासेमारीच्या सामानाचे मोठे केंद्र आहे. सळया घासण्याची यंत्रे, भट्ट्या, राळ मुरवलेले कापड हे सगळे तिथे पोहोचले, आणि पूर्वीचे महाग तंतू तोपर्यंत सर्रास झाले होते. टेंपल फोर्कसारख्या कंपन्यांनी अमेरिकेत आखलेल्या काठ्या कोरियात करून घेतल्या आणि मध्यम किमतीत विकल्या. सुट्या ब्लँकचेही तेच झाले. सिक्विमच्या बॅटसन एंटरप्रायझेसचे रेनशॅडो, फ्लोरिडाच्या मड होलचे एमएचएक्स ही नावे हौशी बांधणाऱ्यांच्या तोंडी रुळली. याच काळात काही मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी सुटे ब्लँक विकणे बंद केले. वरच्या दर्जाची तयार फ्लाय रॉड हजार डॉलरच्या पुढे गेली, आणि त्या किमतीत काठी मोडल्यास बदलून देण्याच्या हमीचाही खर्च धरलेला असतो. शंभर डॉलरच्या आतला ब्लँक घेणारा तो खर्च भरत नाही. मोडला तर दुसरा घेतो.

म्हणजे आज शंभर डॉलरच्या आतल्या ब्लँकमध्ये जो तंतू असतो, तो एके काळी सर्वांत महाग काठीत होता. फरक उरतो तो आकाराचा, म्हणजे सळई कोणी आखली आणि कापड कसे कापले याचा. ताठपणाच्या मोठ्या आकड्याचा उलटा परिणामही होतो. तंतू ताठ तसा ठिसूळ, आणि भिंत पातळ. वजनदार मणी ओवलेली माशी भिरकावताना एकदा नळीवर आदळली की डोळ्याला न दिसणारी जखम होते आणि काठी पुढच्या मोठ्या माशाला मोडते. शिकणाऱ्याने ३३ च्या आसपासचा तंतू, जरा जाड भिंत आणि मधून वाकणारा आकार घ्यावा, असे मी मनापासून सांगेन. लहान ओढ्यांसाठी तर एस ग्लास प्रकारच्या काचतंतूचा तीन किंवा चार नंबरचा ब्लँक फार सुखाचा असतो, आणि त्याची मागणी गेल्या काही वर्षांत पुन्हा वाढली आहे.

पण आकार चांगला आहे की नाही हे घेण्याआधी कसे कळणार? ब्लँकवर पाच नंबर लिहिलेला असतो, तो दोराचा. दोराचे नंबर १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या उत्पादकांनी ठरवले: ग्रेन या छोट्या वजनमापात पहिल्या ३० फुटांचे वजन १४० म्हणजे पाच नंबर, १६० म्हणजे सहा. दोराला असे माप मिळाले, काठीला कधीच मिळाले नाही. कंपनीला वाटेल तो नंबर ती छापते, आणि पाच लिहिलेला ब्लँक सहाच्या दोराला योग्य निघतो. बिल हॅनेमन या रसायनशास्त्रज्ञाने २००३ मध्ये यावर उपाय मांडला, तोही नाण्यांनी. अमेरिकेची १९८२ नंतरची एक सेंटची नाणी २.५ ग्रॅमची असतात. काठी आडवी पक्की धरायची, टोकाला हलकी पिशवी लटकवायची आणि टोक काठीच्या एक तृतीयांश लांबीइतके खाली येईपर्यंत त्यात नाणी टाकत जायची. किती नाणी लागली यावरून दोराचा खरा नंबर ठरतो. त्या अवस्थेत टोकाचा आडव्या रेषेशी होणारा कोन मोजला की काठी कुठे वाकते ते कळते: साठ अंशांच्या खाली असेल तर ती मुठीपर्यंत मऊ वाकते, ६६ च्या वर असेल तर फक्त टोकाकडे. सेंट नसतील तर २.५ ग्रॅमच्या हिशेबाने कोणतीही वजने चालतात. या पद्धतीमुळे लोकांनी स्वस्त ब्लँक मोजून आकडे एकमेकांना सांगितले, आणि काही साधे आयात ब्लँक नावाजलेल्या काठ्यांच्या अगदी जवळ वाकतात हे पहिल्यांदा मापात दिसले.

ब्लँक हातात आल्यावर आधी जोड पाहावेत. नळीत खुंटीसारखा दांडा बसणारा जोड असेल तर घट्ट बसल्यावरही दोन भागांत थोडी फट राहिलीच पाहिजे, कारण वापराने दांडा झिजतो आणि ती फटच त्याची पुढची जागा असते. मग तुकडे जोडून एका डोळ्याने टोकापर्यंत पाहावे, हळूच फिरवावे आणि जिथे नळी सर्वांत सरळ दिसते तिथे पेन्सिलीने खूण करावी. कड्या आधी चिकटपट्टीने लावाव्यात, दोर ओवून त्याचे टोक खुर्चीच्या पायाला बांधावे आणि काठी वाकवावी. दोर जिथे नळीचे वळण सोडून सरळ रेषेत जातो तिथली कडी सरकवावी. सगळ्या कड्यांतून दोर काठीच्या वळणाबरोबर वळू लागला की मगच धागा हातात घ्यावा.