सोनकी

सोनकी (शास्त्रीय नाव सेनेसिओ बाँबेएन्सिस, कुल अ‍ॅस्टरेसी, म्हणजे सूर्यफुलाचे) ही सह्याद्रीच्या पठारांवर आणि डोंगरउतारांवर पावसाळा सरताना फुलणारी पिवळ्या फुलांची वर्षायू रानवनस्पती. जुन्या वनस्पतिग्रंथांत ती सेनेसिओ ग्रॅहमी या नावाने सापडते. नाशिक जिल्ह्यात तिचा मुक्काम पश्चिमेकडे असतो: अंजनेरी, ब्रह्मगिरी, त्र्यंबक–घोटी रस्त्यावरचे पहिने, इगतपुरीचा घाटमाथा, कळसूबाईची रांग. निफाड-येवल्याच्या काळ्या रानात ती सहसा दिसत नाही. यामागे पावसाचा फरक आहेच. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, नाशिक शहरात त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. पण जमिनीचा पोतही तितकाच महत्त्वाचा. सोनकीला पाणी हवे, साचलेले मात्र नको.

रोप पहिल्या पावसानंतर उगवते आणि श्रावणापर्यंत गवतात हरवलेले असते. कातळावरच्या बोटभर मातीत ते वीतभरच राहते, रस्त्याकडेच्या भुसभुशीत मातीत गुडघ्याला लागते. खोडावर उभ्या बारीक रेषा असतात. पाने एकाआड एक येतात, त्यांच्या कडा दातेरी असतात आणि खालच्या पानांना देठ असतो. फांद्यांच्या टोकांना झुबक्याने येणारे, रुपयाच्या नाण्याएवढे फूल खरे तर एक फूल नसतेच. मधली गडद चकती इवल्या नळीसारख्या फुलांची बनलेली असते आणि भोवतालची प्रत्येक ‘पाकळी’ हेही एक स्वतंत्र पुष्पक असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे गणपती ते दसऱ्याच्या दरम्यान, बहर भरात असतो. मधमाश्या, माश्या आणि फुलपाखरे त्यावर गर्दी करतात. पाऊस ओसरला की फुलांच्या जागी पांढरे केसाळ गोंडे येतात आणि बी वाऱ्यावर निघते. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत झाड वाळून जाते.

सोनकी म्हणून काढलेले फोटो पुष्कळदा खुरासणीचे असतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या तालुक्यांत उतारावरच्या हलक्या शेतांत हे तेलबियांचे पीक घेतात आणि तेही याच सुमारास पिवळे होते. पण खुरासणीची पाने बहुतेक समोरासमोर येतात, झाड उंच वाढते आणि काळ्या चकचकीत बीला केसाळ शेंडी नसते. शिवाय ते कोणाचे तरी पीक असते. फोटोसाठी त्यात शिरू नये हे सांगावे लागते हेच नवल. कवल्याचे फूलही पिवळेच, पण ते शेंगावर्गातले आणि बाजूने वाटाण्याच्या फुलासारखे दिसते, त्यामुळे तिथे गल्लत होण्याचे कारण नाही.

लागवडीत बहुतेकांचे बिघडते ते लाडाने. शेणखत, गांडूळखत, रोजचे पाणी हा गुलाबाचा पाहुणचार सोनकीला दिला की झाड पानांनी माजते, उंच होऊन लोळते आणि फुले मोजकी येतात. कुंडीत दोन भाग मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग तांबडी माती घ्यावी. खत नसले तरी चालते. नाशिकच्या मळ्यांतली काळी माती ओली झाली की मुळांचा श्वास कोंडते, म्हणून ती टाळावी. उथळ, पसरट कुंडी खोल कुंडीपेक्षा बरी आणि तळाची भोके मोकळी हवीत. दिवसभर ऊन लागणारी जागा निवडावी. उत्तरेच्या गॅलरीत हा खटाटोप करू नये.

बी गोंडा फुलून सहज सुटू लागला की गोळा करावे. ओले बी बुरसते, म्हणून दोन दिवस सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत नको. मृग लागला की ओल्या मातीवर ते भुरभुरावे आणि वर चिमूटभर वाळू टाकावी. खोल पुरलेले बी वर येत नाही. बागेच्या कोपऱ्यात पेरले असेल तर जुलैची खुरपणी स्वतः करावी, नाहीतर माळी तण समजून सगळी रोपे उपटून टाकतो. पावसाने दडी मारली तरच पाणी द्यावे. बहर संपल्यावर वाळकी झाडे लगेच काढली नाहीत, तर पुढच्या वर्षीची पेरणी परस्पर होते.

अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र असून तिथे सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पती वाढते. अशा ठिकाणाहून फूल, बी, रोप काहीही आणू नये. ज्या जागेच्या मालकाची परवानगी मिळते तिथूनच, आणि तेही थोडेच बी घ्यावे. उपटून आणलेले फुललेले रोप तसेही टिकत नाही.

सेनेसिओ प्रजातीतल्या अनेक वनस्पतींत यकृताला बाधणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात. त्यामुळे सोनकीची भाजी किंवा काढा करू नये आणि शेळ्या-गायींना ती वैरणीत घालू नये.

बाजारात ‘रानफुलांचे मिश्र बियाणे’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत सोनकीऐवजी कॉसमॉस निघण्याची शक्यता मोठी. पिवळा-नारिंगी कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. तो कुंपणाबाहेर झपाट्याने पसरतो. डोंगराला लागून शेत किंवा फार्महाऊस असेल, तर तो अजिबात पेरू नये.