संडासाचा खड्डा भरतो कधी?

"रोज वापरला तर खड्डा भरेल. मग उपसायचा कोणी?" घरात संडास असूनही टमरेल घेऊन बाहेर जाणारी कितीतरी माणसं हेच सांगतात. त्यांना आळशी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. भीती खरी आहे, तिला उत्तर हिशोबाने द्यायला हवं.

विष्ठेत पाऊण हिस्सा पाणीच असतं. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात खड्ड्याच्या विटा जाळीसारख्या फटी ठेवून रचतात आणि तळ मातीचाच ठेवतात. त्यामुळे पाणी जमिनीत मुरतं. उरलेला चोथा जिवाणू खातात आणि त्याचे वायूही मातीतच जिरतात, म्हणून या खड्ड्याला वासाचा पाइप लागत नाही. मागे राहतो तो गाळ, माणशी वर्षाला साधारण ४० ते ५० लिटर. पाच माणसांचा झाला फार तर २५० लिटर. एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल गोल खड्ड्यात सुमारे ७८५ लिटर मावतात. म्हणजे तीन वर्षं निघाली.

एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की चेंबरमध्ये, म्हणजे संडासाचा पाइप जिथे दोन खड्ड्यांकडे फुटतो त्या छोट्या हौदात, त्याच्या पाइपाचं तोंड बंद करून दुसऱ्याचं उघडायचं. खरी गंमत इथून पुढे. पहिला खड्डा आता नुसता पडून असतो. आतड्यातल्या ३७ अंशांच्या उबेला सोकावलेल्या रोगजंतूंना इथे ना ऊब, ना ताजं खाद्य. वर मातीतले सूक्ष्मजीव त्यांचाच फडशा पाडतात. पटकीचे, हगवणीचे जिवाणू काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत संपतात. चिवट असतात ती जंतांची अंडी. अस्कारिस या गोल जंताच्या अंड्याला अनेक पदरी कवच असतं आणि त्यातला मेदाचा थर बाहेरची रसायनं आत शिरू देत नाही. ही अंडी मरावीत म्हणूनच खड्डा दीड-दोन वर्षं मिटून ठेवायचा. नंतर झाकण काढलं की आत गडद, भुसभुशीत माती दिसते. चिमटीत धरली तर भुरभुरते आणि घाण वास येत नाही. ती शेतात खत म्हणून चालते.

'ही पावडर टाका, खड्डा कधीच भरणार नाही' असं सांगून पुड्या विकल्या जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी अशा पावडरी तपासल्या, गाळात लक्षणीय फरक पडला नाही. विष्ठेत जिवाणू आधीच अब्जावधी असतात, चिमूटभर वाढवून काय होणार?

खड्डा जितका खोल तितका चांगला, हाही गैरसमजच. खोल खड्डा भूजलाला टेकला की त्यात पाणी साचून राहतं आणि रोगजंतू विहिरीची वाट धरतात. तळाला सिमेंट केलं तर पाणी मुरणार कुठे?

सगळ्यात जास्त घडणारी चूक मात्र चेंबरमध्ये असते. दोन्ही पाइप उघडे राहतात, दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि एकालाही विश्रांती मिळत नाही. तुमच्याकडे दोन खड्डे असतील तर चेंबरचं झाकण उचलून बघा. पाणी दोन्हीकडे जात असेल तर एका पाइपाचं तोंड वीट आणि चिखलाने आजच बुजवा.