टोचन गाडीचे जादा ब्रेक

मोटारहोमच्या, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, मागं जी कार चारही चाकांवर ओढत नेतात तिचे स्वतःचे ब्रेक, पुढच्या ड्रायव्हरनं पेडल दाबलं की आपोआप लागावेत म्हणून केलेली सोय, म्हणजे टोचन गाडीचे जादा ब्रेक. विषय मुळात अमेरिका-कॅनडातला. तिकडं रिटायर झालेली नवरा-बायको बसएवढ्या मोटारहोममधे महिनोन्‌महिने फिरतात आणि मागं एक छोटी कार बांधून नेतात, कारण मुक्कामाला पोचल्यावर दूध-भाजी आणायला एवढं मोठं धूड बाहेर काढणं कोणालाच परवडत नाही. त्या कारला तिकडं लाडानं 'टोड' म्हणतात, म्हणजे बेडूक, पण खरं तर तो 'टोव्ड', म्हणजे ओढलेली, या शब्दावरचा विनोद आहे. काहीजण 'डिंगी' म्हणतात, मोठ्या जहाजामागं बांधलेली होडी असते तशी.

प्रश्न एवढाच असतो की मोटारहोमचे ब्रेक जर दहा-बारा टन थांबवतात तर मागच्या दीड टनाच्या कारला वेगळे ब्रेक कशाला. थोडक्यात उत्तर असं, की कायदा जागेप्रमाणं बदलतो, कंपनीचं मॅन्युअल बहुतेक वेळा 'लावा' म्हणतं, आणि वजनाचं गणित तर कुठंच बदलत नाही.

सोलापूरकराला हे गणित वेगळं शिकवायला लागत नाही. दिवाळी झाली की कारखाने पेटतात आणि मोहोळ, पंढरपूर, माळशिरस कुठंही जा, ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनाचा, मागं दोन्ही ट्रॉल्या मिळून पंधरा-वीस टन. मोटारहोमवाल्यांचं बरोबर उलटं, तिकडं ओढणारा जड आणि मागचा हलका. शेतातल्या ट्रॅक्टरला बहुतेक वेळा ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतात, तेही डाव्या-उजव्या चाकाचं पेडल वेगळं, शेतात वळायला सोपं पडावं म्हणून. रस्त्यावर आलं की दोन्ही पेडलं पट्टीनं जोडायची असतात, आणि ती न जोडता कोणी जोरात ब्रेक मारला की ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो आणि मागच्या ट्रॉलीला ब्रेकच नसला तर ती सरळ येऊन ढकलते. उतारावर 'काय बे, थांबंना की' असं ओरडणारा ड्रायव्हर ज्यानं बघितलाय त्याला पुढचा मजकूर वाचायची तशी गरज नाही, पण तरी लिहितो.

ढकलतं म्हणजे काय

चालत्या गाडीतली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ताशी ८० किमीवर १५०० किलोच्या कारमधे साधारण ३७० किलोज्यूल असतात, तीच कार १०० वर नेली की हा आकडा दीडपटीच्याही वर जातो. ही सगळी ऊर्जा कुठंतरी उष्णता होऊन जायला पाहिजे. मागच्या कारचे ब्रेक लागत नसतील तर ती पुढच्याच गाडीच्या डिस्क आणि ड्रमवर येते.

समजा टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेलं साडेचार टनाचं मोटारहोम आहे, एकटं असताना ते ८० वरून ४१ मीटरमधे थांबतं. ब्रेकचा जोर तेवढाच ठेवून मागं दीड टनाची कार लावली तर वजन सहा टन झालं आणि अंतर ५५ मीटर. म्हणजे चौदा मीटर जादा, आणि समोर एसटी अचानक थांबली तर चौदा मीटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दहा टनाच्या मोटारहोमला हीच कार लावली तर फरक टक्क्यांत कमी, पंधरा टक्के, पण मीटरमधे मोजला तर तिथंही सहाएक मीटर निघतो. 'माझी कार हलकी आहे, कळतसुद्धा नाही मागं आहे म्हणून' असं म्हणणारे खोटं बोलत नसतात, सपाट रस्त्यावर सावकाश थांबताना खरंच कळत नाही. कळतं ते एकदाच, नेमकं नको त्या वेळी.

अंतराइतकीच दुसरी भानगड दिशेची. सरळ रेषेत मागची कार नुसती ढकलते, पण वळणावर ब्रेक मारला तर ती मोटारहोमचं बूड तिरकं ढकलते, आणि रस्ता ओला असला तर दोघं मिळून मधे मोडलेल्या चाकूसारखी वळतात. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर घाट फार मोठा नाही, पण तिथनं खाली उतरताना ट्रकवाले सुद्धा गिअर खाली टाकूनच येतात, ब्रेकवर बसत नाहीत, कारण सलग उतारावर ब्रेक दाबून धरला की लायनिंग तापतं आणि तापलं की पकड सोडतं. मागं ढकलणारं वजन असलं की ते तापणं लवकर होतं.

आपल्याकडचं टोचन

आपल्याकडं गाडी बंद पडली की दोर नाहीतर साखळी लावून टोचन करतात, आणि मागच्या गाडीत एक माणूस स्टिअरिंगवर बसतो. हा माणूस म्हणजेच आपला जादा ब्रेक. १९८९ च्या रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशनमधे हे असंच होतं: ओढायची ती बिघडलेली किंवा अर्धवट जोडलेली गाडी, नाहीतर रजिस्टर्ड ट्रेलर, मागच्या गाडीत लायसन असलेला माणूस पाहिजे किंवा तिची वळणारी चाकं क्रेननं उचललेली पाहिजेत, दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि मागं पांढऱ्यावर काळ्या ७५ मिलिमीटर अक्षरात 'ऑन टो' लिहिलेलं पाहिजे. वेग ताशी २४ किमी. २०१७ ला त्याच्या जागी नवी ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आली. म्हणजे चांगली चालती कार रिकामी बांधून ऐंशीनं हैदराबाद रोडला निघायचं ही अमेरिकन पद्धत १९८९ च्या त्या नियमाच्या चौकटीत कधी बसतच नव्हती. महाराष्ट्रानं २०२१ मधे कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि मोटार कॅरॅव्हॅन कशी बांधायची याला एआयएस-१२४ हे मानकही आहे, पण मागं कार बांधायची हौस अजून इकडं आलेली दिसत नाही.

टोचनमधे बसलेल्या माणसाला एक गोष्ट पहिल्याच चौकात कळते. इंजिन बंद असलं की ब्रेक बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम मिळत नाही, आत राहिलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा पेडल नीट दाबलं जातं आणि नंतर ते दगडासारखं होतं. ब्रेक असतात, पण दोन्ही पायांनी उभं राहून दाबायला लागतात. (किल्ली फिरवून स्टिअरिंग लॉक काढायला विसरलात तर मात्र तो वेगळा विषय.) हे मेलेलं पेडल लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी यंत्रं त्याच्याशीच झगडतात.

यंत्रं

सगळ्यात सोपं म्हणजे पेटी. ड्रायव्हर सीटच्या पुढं पेडलजवळ ठेवायची, तिचा दांडा पेडलला अडकवायचा, आत सेन्सर असतो, गाडी मंदावतेय असं त्याला जाणवलं की दांडा पेडल दाबतो. एका कारमधनं काढून दुसरीत ठेवता येते हा मोठा फायदा. पण सेन्सरवाल्या पेटीला उतार आणि ब्रेक यातला फरक नेहमी कळेलच असं नाही. पुढच्या डिझेल मोटारहोमचा ड्रायव्हर नुसता एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी मंदावणारा) लावून घाट उतरत असला, तरी पेटीला वाटतं ब्रेक मारलाय, आणि मागच्या कारचे ब्रेक अर्धवट लागून राहतात. म्हणून चांगल्या पेट्यांना पुढच्या ब्रेक लाइटचा सिग्नलही जोडतात, तो आला तरच दाबायचं.

दुसरी तऱ्हा कायमची बसवलेली. मोटारहोमला एअर ब्रेक असतील तर तिथनंच हवेची नळी मागं आणून कारच्या पेडलला किंवा मास्टर सिलिंडरला जोडलेला छोटा सिलिंडर चालवतात. पुढं जेवढं दाबलं तेवढं मागं, म्हणजे प्रमाणात. इथं व्हॅक्यूमचा प्रश्न परत येतो, म्हणून काही किटमधे कारच्या बूस्टरसाठी छोटा व्हॅक्यूम पंप देतात, आणि ज्यात नाही त्यात मेलेल्या पेडलला पुरेल एवढा जोर लावतात. पेडल जिवंत असताना तेवढाच जोर लावला तर चाकं जाम होतात आणि टायरला सपाट चट्टे पडतात, म्हणून एकाचं सेटिंग दुसऱ्याला चालत नाही.

तिसरी तऱ्हा धक्क्याची. मागची गाडी पुढच्यावर आली की जोडणीचा दांडा थोडा आत सरकतो आणि त्या सरकण्यानं केबल ओढून ब्रेक लागतात. वीज नाही, हवा नाही. युरोपातल्या हलक्या ट्रेलरना हेच असतं. जितकं ढकलशील तितकं अडवीन, हे त्याचं तत्त्व मला तरी फार आवडतं.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत पेडल आणि ब्रेकच्या मधे कॉम्प्युटर बसलेला असतो, तिथं यातलं बरंचसं किट चालत नाही.

तुटलं तर

जोडणी तुटून कार सुटली तर काय, हा प्रश्न सोलापुरात तरी रेल्वेवरनं समजावणं सोपं. इथं मध्य रेल्वेचं डिव्हिजन आहे, लोकांना डबे आणि पाइप दोन्ही माहीत. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मधे एअर ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा इंजिनातनं हवा पाठवून ब्रेक लावायचे, म्हणजे पाइप तुटला की मागच्या डब्यांचे ब्रेक गेले. १८७२ मधे त्यानं उलटं केलं, पाइपमधे हवा भरलेली असताना ब्रेक सुटलेले, हवा गेली की लागलेले. आज आपल्या गाड्यांच्या ब्रेक पाइपमधे ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो, कपलिंग तुटलं की पाइप तुटतो आणि दोन्ही तुकडे आपापले थांबतात. एक इंजिन वीस-बावीस डबे थांबवायला पुरणार नाही, प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रेक पाहिजे, हे रेल्वेनं दीडशे वर्षांपूर्वीच मान्य केलंय. मोटारहोमवाले अजून वाद घालतात.

टोचन कारमधे हेच काम एक पिन करते. कारच्या नाकावर स्विच, त्यात पिन, पिनची बारीक केबल मोटारहोमला बांधलेली. कार सुटली की पिन निघते आणि कारच्या बॅटरीवर ब्रेक पूर्ण लागतात. केबल टो बारला, म्हणजे दोन गाड्या जोडणाऱ्या दांड्याला, बांधायची नाही, गाडीच्या चासीला बांधायची, कारण बारच निखळला तर केबल त्याच्याबरोबर येईल आणि पिन जागेवरच राहील.

कायदा

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ३००० पाउंडच्या, म्हणजे १३६० किलोच्या वर ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात कॅम्पिंग ट्रेलरला १५०० पाउंडलाच. मजा म्हणजे ही कलमं बहुतेक ट्रेलरसाठी लिहिलेली, कार हा ट्रेलर आहे का यावरच तिकडं अर्धं भांडण. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात ओढलेली कार २००० किलोच्या किंवा मोटारहोमच्या मंजूर वजनाच्या ४० टक्क्यांच्या वर गेली की ब्रेक पाहिजेत. ब्रिटनमधे ए-फ्रेमवर, म्हणजे 'A' आकाराच्या टो बारवर, ओढलेली कार ट्रेलरच धरतात आणि ७५० किलोच्या वर ब्रेक सक्तीचे, म्हणजे जवळजवळ प्रत्येक कारला. कायदा काही म्हणो, फोर्डसारख्या कंपन्या आपल्या टोइंग गाइडमधे १५०० पाउंडच्या वर वेगळे ब्रेक लावायला सांगतात.

वापरताना

निघाल्यावर दहा-पंधरा किमीवर थांबून मागच्या कारच्या चारही चाकांजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही. एखादं चाक भट्टीसारखं तापलेलं असलं तर ब्रेक चिकटून राहिलाय, आणि असंच पुढं नेलं तर टायर पेटल्याच्याही घटना आहेत. मोटारहोममधनं मागचं काही दिसत नाही, म्हणून पेडल दाबलं गेलं की पुढं छोटा दिवा लागेल अशी वायर ओढून घेतात. कार बांधलेली असताना रिव्हर्स घ्यायचा नाही, तिची पुढची चाकं भलतीकडं वळतात आणि टो बार वाकतो, आधी सोडवायची. आणि सोडवल्यावर पेटी पेडलवरनं काढून मागच्या सीटवर टाकायची, नाहीतर दूध आणायला निघालेला माणूस पहिल्याच वळणावर पाय खाली नेतो आणि तिथं पेडल सापडायच्या ऐवजी लोखंडी दांडा लागतो.