ढाल, चिलखत आणि हेराल्ड्रीचे जुने इंग्रजी शब्द

इंग्लंडमधे ढाल, चिलखत आणि सरदार घराण्यांची कुळचिन्हं म्हणजेच हेराल्ड्री, यांच्यासाठी मध्ययुगात जे शब्द होते त्यांचे ढोबळमानाने दोन थर पडतात, १०६६ मधे फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याआधीचा अँग्लो-सॅक्सन म्हणजे जुन्या इंग्रजीचा थर आणि त्यानंतर फ्रेंचमधून आलेला थर. तारखा फार काटेकोर धरू नयेत, शब्द बोलण्यात आधी येतो आणि कागदावर बऱ्याच उशिरा सापडतो.

पहिल्या थरातला शील्ड टिकला, हेल्म म्हणजे शिरस्त्राणही टिकला. बोर्ड म्हणजे फळी, रँड म्हणजे ढालीची कड आणि लिंड म्हणजे लिंडन झाडाचं लाकूड, हे तिन्ही शब्द जुन्या काव्यात सरळ ढाल याच अर्थाने येतात. पण कबरींमधे जे लाकडाचे अवशेष मिळाले त्यात विलो, पॉप्लर, आल्डर ही झाडं जास्त दिसतात, त्यामुळे लिंड हा मुख्यतः कवींचा शब्द असावा असं मानणं बरं. ढालीवर कातडं चढवायचे, पण राजा एथेल्स्टनच्या १०व्या शतकातल्या कायद्यात ढालीवर मेंढीचं कातडं लावणाऱ्या कारागिराला ३० शिलिंग दंड सांगितलाय. कड्यांच्या चिलखताला बिर्ने म्हणत, हा शब्द पुढे मागे पडला.

दुसऱ्या थरात हॉबर्क येतो. याचं मूळ जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या भाषाकुळातल्या त्यातलं, हाल्स म्हणजे मान आणि बेर्ग म्हणजे राखणं, म्हणजे आधी हे फक्त मानेचं संरक्षण होतं, नंतर गुडघ्यापर्यंतच्या अख्ख्या बख्तराला तेच नाव पडलं. गॉर्जेट म्हणजे गळपट्टा, फ्रेंच गॉर्ज म्हणजे गळा यावरून. बख्तराच्या आत घालायचा जाड शिवलेला अंगरखा म्हणजे ॲक्टन, तो अरबी अल्-कुत्न म्हणजे कापूस यावरून आला. टार्ज ही लहान ढाल आणि तिचं लघुरूप टार्गेट, नेमबाजीचं लक्ष्य हा अर्थ त्याला १८व्या शतकात मिळाला, म्हणजे आपण ऑफिसात रोज ज्या टार्गेटबद्दल बोलतो ती मुळात ढाल आहे. एस्क्वायर हा लॅटिन स्कूटम म्हणजे ढाल या शब्दावरून आलेला, मूळ अर्थ ढाल वाहणारा.

हेराल्ड्रीत रंगांची नावंही फ्रेंच वळणाची: ऑर म्हणजे सोनेरी, आर्जेंट रुपेरी, ॲझ्युअर निळा, गूल्स लाल, सेबल काळा, व्हर्ट हिरवा. आर्जेंट ज्या लॅटिन शब्दावरून आला तो आणि संस्कृत अर्जुन म्हणजे शुभ्र, यांचं मूळ एकच. ॲझ्युअर फारसी लाजवर्द म्हणजे एक निळा दगड यावरून आला आणि सुरुवातीचा ल युरोपात येताना गळाला, कारण लोकांना तो आधीच्या उपपदाचा, म्हणजे इंग्रजी द सारख्या शब्दाचा, भाग वाटला.

खरा वाद गूल्सचा. पूर्वीचे बरेच लेखक हा शब्द फारसी गुल म्हणजे गुलाब यावरून आला असं सांगत, आणि आपल्याला गुलाब, गुलकंद हे शब्द रोजचे असल्याने ते चटकन पटतं सुद्धा, शिवाय ॲझ्युअर फारसीच आहे मग हा का नसावा असंही वाटतं. पण लाजवर्दचा प्रवास अरबी आणि मध्ययुगीन लॅटिनमधून टप्प्याटप्प्याने दाखवता येतो, गुलचा तसा दाखवता येत नाही. दुसरं मत असं की जुन्या फ्रेंचमधला गोल म्हणजे घसा, लॅटिन गुला, त्याचं हे अनेकवचन. १२व्या शतकाच्या पूर्वार्धात क्लेअरव्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड याने एका पत्रात लाल रंगवलेल्या, गुला नावाच्या फरच्या कातड्यांबद्दल नाराजी लिहून ठेवलीये, म्हणजे गळ्याशी लावायच्या लाल फरला हे नाव आधीपासून होतं. काहीजण हिंस्र प्राण्याच्या उघड्या लाल जबड्याशी संबंध जोडतात. फरवाला पुरावा जास्त भक्कम वाटतो.

चिन्हाचं ठराविक शब्दांत वर्णन करणं म्हणजे ब्लेझन, त्यात आधी पार्श्वभूमीचा रंग सांगायचा मग त्यावरची आकृती. डेक्स्टर म्हणजे उजवी बाजू, पण ढाल धरणाऱ्याची, त्यामुळे बघणाऱ्याला ती डावीकडे दिसते. या शब्दांना किती वजन होतं ते स्क्रोप विरुद्ध ग्रोव्हनर या दोन इंग्रज सरदारांच्या खटल्यात दिसतं. ॲझ्युअर, अ बेंड ऑर, म्हणजे निळ्यावर सोनेरी तिरका पट्टा, हे एकच चिन्ह दोघं वापरत होते, १३८५ च्या स्कॉटलंड मोहिमेत ते उघड झालं आणि खटला १३९० पर्यंत चालला, १३८६ मधे कवी चॉसरने साक्ष दिली. स्क्रोप जिंकला, ग्रोव्हनरने निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली.

हिरव्याला इंग्रजी हेराल्ड्रीत व्हर्ट म्हणतात, पण खुद्द फ्रेंच हेराल्ड्रीत नाव वेगळं आहे, सिनोपल, आणि तो शब्द आधी लाल रंगासाठी होता. जांभळा, म्हणजे पर्प्युअर, जुन्या चिन्हांत क्वचितच.

भारतात ही कुळचिन्हांची पद्धत १८७७ च्या दिल्ली दरबारात ठळकपणे आली, तेव्हा संस्थानिकांना रॉबर्ट टेलर यांनी आखलेल्या चिन्हांचे झेंडे दिले गेले, त्यात मराठी संस्थानिकही होते.