‘हातून’ घडलेल्या क्रियेचं व्याकरण : पार्श्वभूमी

नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भाजीबाजारात टोमॅटोचं कॅरेट उलटलं, तर हमाल ‘मी पाडलं’ म्हणत नाही. ‘माझ्या हातून पडलं’ म्हणतो. पाडणे–पडणे, फोडणे–फुटणे, सोडणे–सुटणे या जोड्या मराठीत याच कामी येतात.

घोळ आहे तो प्रयोगाचा. ‘मी कप फोडला’ हा कर्मणी. ‘माझ्या हातून कप फुटला’ हा शाळेच्या हिशेबाने कर्तरी, कारण फुटणे अकर्मक आणि कर्ता कोण, तर कप! भूतकाळात दोन्हीकडे क्रियापद कपाच्याच मागे जातं, त्यामुळे लिंग-वचनाच्या कसोटीला फरक सापडत नाही. ‘हातून’मधला ‘ऊन’ पंचमीचा, म्हणजे करणारा अपादानात, क्रिया जिथून सुटते त्या जागी, उभा. एकोणिसाव्या शतकात मराठी व्याकरणं छापली जाऊ लागली तेव्हा साचे संस्कृत आणि इंग्रजीचे होते. त्यांत या माणसाला खण नव्हता. संस्कृतात ‘भिद्यते काष्ठं स्वयमेव’ (लाकूड आपणच फुटतं) अशी सोय आहे खरी, पण तिथे फोडणारा वाक्यातून जातोच. आपल्याकडे तो राहतो, आणि तरीही त्याला कर्ता म्हणायचं नाही हा निर्णय माझ्या मते चुकला.

शिवाय ‘माझ्या हातून हे होणार नाही’ म्हणजे जमणार नाही. अपघात आणि कुवत एकाच शब्दात, कारण दोन्हीकडे क्रियेवरचा ताबा अपुरा. १९७० च्या दशकापासून कॅनडाच्या पश्चिमेकडच्या सॅलिश भाषांच्या अभ्यासात हे ठळक झालं : तिथे एकच क्रियारूप ‘चुकून केलं’ आणि ‘कसंबसं जमवलं’ दोन्ही सांगतं. इंडोनेशियन भाषेतला ‘तर्’ उपसर्गही असाच दुहेरी. सिंहलीत चुकून करणाऱ्याला ‘अतिन्’ लागतं, ते तर शब्दशः हातूनच. जॉर्जियातल्या बात्स भाषेत ‘मी पडलो’चीच दोन रूपं, हलगर्जी माझी असेल तर ‘मी’ला सकर्मक वाक्यातल्या कर्त्याचा प्रत्यय.

२०१०-११ मध्ये चित्रफिती दाखवून केलेल्या प्रयोगांत, चुकून घडलेल्या प्रसंगात ‘कोणी केलं’ हे स्पॅनिश आणि जपानी भाषकांच्या इंग्रजी भाषकांपेक्षा कमी लक्षात राहिलं. मुद्दाम केलेल्या प्रसंगांत तसा फरक नव्हता. त्यावरून भाषा माणसाला जबाबदारीतून सोडवते, असा अर्थ काढला जातो. मराठीपुरता तो ताणलेला आहे. अंग काढून घ्यायचं असेल तर ‘कप फुटला’ एवढंच म्हणता येतं. ‘हातून’ जोडणारा स्वतःला गोवून घेतो.